दात दाखवून अवलक्षण

गेल्या मे महिन्यात, म्हणजे २०२५ च्या, आमच्या दहावीच्या बॅचचं गेट टुगेदर होतं. आम्ही २००० ची बॅच, २५ वर्षं झाली म्हणून सांगलीत हॉल घेतलेला, वर्गणी काढलेली, आणि ग्रुपवर रोज कुणीतरी शाळेतला फोटो टाकून बाकीच्यांच्या मागे लागायचं की आता कसे दिसता ते दाखवा. मी पण एक सेल्फी काढला, टाकायच्या आधी झूम करून बघितला आणि गुपचूप डिलीट केला. कारण दात. दिवसाला ५ कप चहा, तोही उकळून उकळून काळा केलेला, अशी २० वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार म्हणा.

मग रात्री ११ वाजता मोबाईलवर जे होतं तेच झालं. ऑनलाइन दात पांढरे करायचं एक किट दिसलं, निळा लाइट, जेलच्या ३ सिरिंज, गरम पाण्यात मऊ करून चावायचा ट्रे, "७ दिवसांत फरक", मागवलं. कंपनीचं नाव नाही सांगत, कारण अर्धी चूक माझीच आहे. पाकिटावर ३० मिनिटं लिहिलेलं होतं आणि मी तासभर ठेवलं, तेही सकाळ-संध्याकाळ, कारण गेट टुगेदरला दोन आठवडे होते आणि मला वाटलं जास्त ठेवलं तर जास्त पांढरे होतील, आपण कपडे नाही का रात्रभर भिजत घालत.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी हिरड्यांच्या कडा पांढऱ्याफटक पडल्या आणि चुरचुरायला लागल्या, म्हटलं असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले, माठातलं पाणी तांब्यात घेतलं, पहिला घोट घेतला आणि जी कळ मस्तकात गेली ना, तांब्या हातातून खालीच पडला. नवरा धावत आला, त्याला वाटलं मीच पडले. आणि पाण्यानेच दुखत होतं असं पण नाही हां, काही न खाता न पिता नुसती बसलेली असताना मधूनच पटाशीच्या दातांत वीज चमकल्यासारखी सर्रकन कळ यायची आणि दोन सेकंदांत गायब. रात्री फॅनचं वारं तोंडाला लागलं तरी दात शिवशिवायचे. तोंड मिटून झोपायचं ठरवलं तर सर्दी झालेली.

आमच्याकडे दात आंबणं हा शब्द आहे, कच्च्या कैऱ्या खाल्ल्यावर होतं ते. हे त्याचं मोठं भावंड समजा. दात आंबले की भाकरी चावता येत नाही, इथे श्वास घेता येत नव्हता.

घरात मग उपायांचा पाऊस. सासूबाईंनी लवंगेचं तेल आणलं, ते मी कापसावर घेऊन लावलं, दहा मिनिटं बधिर वाटलं आणि आधीच सोललेली हिरडी अशी काही झोंबली की विचारू नका. आईने फोनवर मीठ आणि मोहरीचं तेल सांगितलं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या राखुंडी लाव, आमच्या आजीचे दात नव्वदीपर्यंत टिकले. आणि मोबाईलला तर माझं दुःख कळलेलंच असतं, त्याने लिंबू आणि खायचा सोडा लावायचे व्हिडिओ दाखवायला सुरुवात केली. यातलं मी लवंग सोडून काही केलं नाही, शहाणपणामुळे नाही, दात उघडायचीच हिंमत नव्हती म्हणून.

शेवटी मामेबहिणीला फोन लावला. ती सांगलीत डेंटिस्ट आहे, माझ्याहून ३ वर्षांनी लहान, घरात सगळे तिला छोटी म्हणतात आणि क्लिनिकमध्ये सगळे मॅडम. तिला आधी विचारलं नव्हतं कारण ती नको म्हणेल हे मला माहीत होतं.

"ताई, व्हिडिओ कॉल लाव. टॉर्च लाव. ओठ वर उचल. अजून वर. अगं काय केलंस हे!"

मग विचारलं की जेल कितीचं आहे. मी सिरिंज बघून सांगितलं, ३५ टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, आम्ही घरी लावायला देतो ते बहुतेक वेळा १० टक्क्यांचं असतं, फार तर १६, आणि तेही माप घेऊन बनवलेल्या ट्रेमध्ये. १० टक्क्यांच्या जेलमधून साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, तुझ्या त्या सिरिंजमधून १२ च्या आसपास सुटत असणार, आणि तू ते दिवसातून दोन तास. युरोपात हे सुटणारं हायड्रोजन पेरॉक्साइड ६ टक्क्यांच्या वर असेल तर द्यायला परवानगीच नाही, आणि सहापर्यंतचं पण डेंटिस्टच्या हातूनच, १८ च्या खालच्यांना तर नाहीच.

मला वाटत होतं माझं इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक कवच, विरघळून गेलं. तर तसं नसतं. पेरॉक्साइड दात खरवडत नाही, ते आत झिरपतं आणि डागांचा रंग तोडतं. प्रॉब्लेम हा की ते आत झिरपतं म्हणजे खरंच आतपर्यंत जातं, इनॅमल, त्याखालचं डेंटिन आणि मग थेट नसेपर्यंत, आणि त्याला तास-दोन तास लागत नाहीत, पाच ते पंधरा मिनिटं पुरतात. नस त्यामुळे चिडते. त्यात डेंटिनमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक नळ्या असतात, सुईच्या टोकाएवढ्या जागेत हजारो, त्यांत पाण्यासारखा द्रव असतो, गार पाणी लागलं, वारा लागला की तो द्रव हलतो आणि नसेला कळतं. एरवी पण कळतं पण ती सहन करते, आता आधीच चिडलेली असल्यामुळे सासूबाईंनी नुसतं अगं म्हटलं तरी लागतं तसं. (हे उदाहरण माझं, छोटीचं नाही. सासूबाई ब्लॉग वाचत नाहीत.)

खालचे पुढचे दात जास्त का दुखत होते ते पण कळलं, ते मुळात बारीक असतात, नसेपर्यंतचं अंतरच कमी.

तर उपाय. पहिला उपाय इतका साधा होता की मला रागच आला. थांब. जेल बंद, लाइट बंद, लाइटने तसंही फार काही होत नाही म्हणाली, तो दिसायला भारी असतो इतकंच. बहुतेकांचं दुखणं बंद केल्यावर दोन-चार दिवसांत उतरतं. हिरड्यांच्या पांढऱ्या कडा पण दोन दिवसांत जातील, त्यावर काही चोळू नकोस, लवंगेचं तेल तर नाहीच.

दुसरा उपाय सेन्सिटिव्हिटीची पेस्ट, पण इथे मी आयुष्यभर चुकत आले होते. अशी पेस्ट घरात आधीपासून होती, नवऱ्याची. मी ती लावायचे, घासायचे, मग खळखळून चार चुळा भरायचे आणि म्हणायचे काही फरक पडत नाही. छोटी म्हणाली, पाकिटावर पोटॅशियम नायट्रेट ५ टक्के लिहिलंय का बघ. लिहिलेलं होतं. हा म्हणजे आपला सोरा, फटाक्यांच्या दारूत घालतात तोच, आणि इथे तो बरोबर उलटं काम करतो, यातलं पोटॅशियम त्या नळ्यांतून नसेपर्यंत पोचलं की नस शांत होते, निरोप पाठवणं कमी करते. पण त्याला पोचायला वेळ द्यायला हवा. त्यामुळे घासून झालं की नुसतं थुंकायचं, चूळ भरायची नाही. मला हे पहिले दोन दिवस अशक्य वाटलं, तोंडात पेस्टची चव घेऊन झोपायचं म्हणजे काय, लहानपणापासून चूळ भर चूळ भर ऐकत मोठे झालेलो आपण. पण सवय होते.

आणि नुसत्या घासण्याने पूर्ण गुण यायला दोनेक आठवडे लागतात, मला तेवढा वेळ नव्हता, म्हणून तिने ट्रेवाली युक्ती सांगितली. ज्या ट्रेमध्ये जेल घालत होते तो स्वच्छ धुवून त्यात तीच पेस्ट पातळ पसरायची, दातांवर १५-२० मिनिटं ठेवायची, मग काढून थुंकायची. पेस्ट कमी घ्यायची, गिळायची नाही, आणि फेस कमी होणारी घ्यायची, म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली, कारण फेसवाल्या पेस्टने हिरड्या अजून चुरचुरतात. नवऱ्याच्या पेस्टमध्ये ते होतं, पहिल्या रात्री ट्रे लावला तर पाच मिनिटांत तोंडातून फेस बाहेर यायला लागला, मुलगा म्हणाला आई वॉशिंग मशीन. दुसऱ्या दिवशी मेडिकलमध्ये जाऊन चार डब्यांच्या मागची बारीक अक्षरं वाचली, मेडिकलवाला वैतागला पण पेस्ट मिळाली. त्या रात्री ट्रे काढला तेव्हा, खोटं नाही सांगत, पहिल्यांदा वाटलं की दात माझ्या तोंडात आहेत, मी दातांच्या तोंडात नाही.

व्हाइटनिंगवाली जी खरखरीत पेस्ट असते ती आणि कोळशाची पेस्ट, दोन्ही कपाटात गेल्या. राखुंडीचं पण तेच, डाग घासून निघतो खरा, पण डागाबरोबर दुसरं पण काही निघतं. लिंबाचा तर प्रश्नच नाही. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट. इनॅमल साधारण साडेपाचच्या खाली पीएच गेला की विरघळायला लागतं आणि लिंबाचा रस दोन-अडीच असतो. हे ऐकल्यावर मला त्या व्हिडिओवाल्या बाईंची काळजी वाटायला लागली.

खाणं मात्र कठीण गेलं कारण मे महिना. मे महिन्यात मराठी माणसाने काय सोडायचं? पन्हं आंबट, सोलकढी आंबट, कोकम सरबत आंबट, उसाच्या रसात बर्फ पण आणि लिंबू पण, मस्तानीचं तर नाव काढायला नको. आमरस फ्रिजमधून काढून तासभर बाहेर ठेवून खाल्ला, कोमट आमरस म्हणजे शिक्षा आहे, पण दुखलं नाही. चहा सोडणार नाही म्हणून आधीच सांगून टाकलं, त्यावर तिचं म्हणणं, पी, पण जरा निवू दे, आणि मागून साध्या पाण्याने चूळ भर. आंबट खाल्लं तर मात्र लगेच ब्रश घेऊन धावायचं नाही, तासभर थांबायचं, आंबटाने वरचा थर मऊ झालेला असतो आणि आपण तो घासून काढतो. पाच-सहा दिवस दहीभात, उपमा, मऊ खिचडी. दही आंबट नको, गोडसर, म्हणजे माझ्यासाठी तो पण दहीभात नव्हताच.

पाचव्या दिवशी बाकीचे सगळे दात शांत. एक सोडून. वरचा डावा सुळा. तिथे गार लागलं की कळ तशीच.

सांगलीला पोचल्या पोचल्या छोटीने खुर्चीत बसवलं आणि आधी नुसती फुंकर मारली, हवेच्या त्या पिचकारीने, मी खुर्चीतून उडाले. सुळ्याची हिरडी वर सरकलेली होती, मुळाचा पिवळट भाग उघडा, तिथे इनॅमल नसतंच, त्यामुळे जेल दाराची कडी न वाजवता थेट आत. "ताई, तू उजव्या हाताने ब्रश करतेस आणि भांडी घासल्यासारखा करतेस." बरोबर होतं. उजव्या हाताने घासणाऱ्यांचा जोर डाव्या बाजूला जास्त पडतो म्हणे. माझा ब्रश बघितला तिने, तीन महिन्यांत त्याचे केस चारी दिशांना झालेले, म्हणाली याने चपला घास.

आणि सगळ्यात मोठी गंमत पुढे. सातवीत खो-खो खेळताना पडून माझ्या समोरच्या दाताचा कोपरा तुटला होता, तिथे सिमेंट भरलेलं आहे, दोनदा बदललंय. जेलने दात उजळतो, सिमेंट उजळत नाही, कॅप पण उजळत नाही. मी एवढं सहन करून दात दोन शेड पांढरे केले आणि तो कोपरा जुन्याच रंगाचा राहिला, म्हणजे आधी सगळं सारखं पिवळं होतं ते बरं, आता पांढऱ्या भिंतीवर पानाची पिचकारी मारल्यासारखं. मी म्हटलं बदल लगेच, परवा कार्यक्रम आहे. तर नाही. ब्लीचिंगनंतर दातात ऑक्सिजन राहिलेला असतो, लगेच सिमेंट भरलं तर नीट चिकटत नाही, शिवाय दाताचा रंग पण अजून स्थिर झालेला नसतो, सुरुवातीला जो पांढरेपणा दिसतो त्यात थोडा भाग नुसता दात सुकल्याचा असतो आणि तो परत जातो. दोन आठवडे थांबावं लागतं. त्या सिमेंटच्या कडेला बारीक फट पण होती, तिथून जेल आत गेलं असणार, म्हणून तो दात पहिले तीन दिवस सगळ्यात जास्त ठणकला.

हे सगळं जेल लावायच्या आधी दहा मिनिटं खुर्चीत बसले असते तर कळलं असतं. कीड, फट, सरकलेली हिरडी, भरलेले दात, एवढंच बघायचं असतं.

सुळ्यावर तिने फ्लोराइड वार्निश लावलं, छोट्या ब्रशने, नेलपॉलिश लावतात तसं. ते नळ्यांची तोंडं बुजवतं. आणि आता ऐका, ते पिवळं असतं. चिकट पिवळा थर, उद्या सकाळपर्यंत ब्रश करू नकोस, काही कडक किंवा गरम खाऊ नकोस. म्हणजे सांगलीत आल्याच्या पहिल्या संध्याकाळी भडंग समोर ठेवलेलं, चहा वाफाळतोय, आणि मी पिवळा सुळा घेऊन कोमट दूध पितेय. तसंही सांगली हळदीचं गाव.

मी विचारलं, जेलने दात पांढरे करायचा हा शोध लावला तरी कुणी. तर म्हणे अपघाताने लागला. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत आर्कान्सामध्ये दात सरळ करणाऱ्या एका डॉक्टरने पेशंटच्या दुखऱ्या हिरड्यांसाठी कार्बामाइड पेरॉक्साइडचं औषध रात्री ट्रेमध्ये घालून लावायला दिलं, हिरड्या बऱ्या झाल्याच आणि दात पण उजळले. मग १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन या दोघांनी ते नीट लिहून छापलं, तेव्हापासून जगभर सुरू झालं. म्हणजे मूळ पद्धत रात्री झोपताना, सौम्य औषध, हळूहळू. मी नेमकं त्याच्या उलट केलं होतं.

गेट टुगेदरला गेले. दात दुखत नव्हते, थंड पाण्याची बाटली मात्र बॅगेत साध्या पाण्याची करून नेली. फोटोत तोंड मिटून हसायचं ठरवलं होतं, पण मागच्या बाकावरच्या एकाने लांबूनच ओरडून विचारलं, "काय गं, खो-खोचा दात अजून तसाच व्हय?" आणि मी सगळे दात काढून हसले, तो फोटो आता ग्रुपचा डीपी आहे.

जूनमध्ये सिमेंट बदललं. दिवाळीत परत एकदा करायचं ठरवलं, या वेळी रीतसर. छोटीने दातांचं माप घेतलं, हिरडीच्या कडेने कापलेला पातळ ट्रे बनवला, जेल १० टक्क्यांचं, प्रत्येक दाताला तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका, आणि तोही एक दिवस आड, दात शिवशिवले तर दोन दिवस आड. दोन आठवडे आधीपासून सोऱ्याची पेस्ट, न चूळ भरता. जेलच्या आधी पंधरा मिनिटं ट्रेमध्ये पेस्ट. सुळ्यावर जेलच नाही. वेळ जास्त लागला, तीन आठवडे, पण एकदाही तांब्या पडला नाही. दोनदा हलकी कळ आली तर मधे तीन दिवस गॅप घेतला आणि परत सुरू केलं, गॅप घेतल्याने आधीचं वाया जात नाही, हे मला पहिल्या वेळी कुणी सांगितलं असतं तर.

मैत्रिणी आता मला विचारतात, तर एक गोष्ट स्पष्ट सांगते. बऱ्याच दातांत मिळून हलकी कळ, येते आणि जाते, गारच लागतं, असं असेल तर वरचं सगळं करून बघा आणि थांबा. पण एकच दात धरून ठणकत असेल, कळ आली की मिनिटभर जात नसेल, गरमाने दुखत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, तर ते जेलमुळे नुसतं चिडणं नाही, नस खरंच बिघडलेली असू शकते, तिथे पेस्ट चोळत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर हा उद्योगच नंतर करा. आणि दुधातल्या प्रोटीनपासून बनवलेलं एक क्रीम पण डेंटिस्ट देतात दात सावरायला, ते चांगलं आहे, पण दुधाची ॲलर्जी असेल तर चालत नाही.

काल मस्तानी खाल्ली. उजव्या बाजूने. डाव्या सुळ्याची हिरडी वर गेली ती काही आपोआप खाली येणार नाही, तिथे रोज रात्री बोटाने पेस्ट लावते आणि तशीच झोपते. ब्रश मऊ केसांचा आणलाय, तीन बोटांत पेनासारखा धरायचा असं छोटीने शिकवलंय, म्हणजे जोर लागतच नाही.